काटेबाई आणि चौथा सिलिंडर

काटेबाई हे त्यांचं आडनाव नव्हे. विमानतळावर नव्याने आलेल्या प्रत्येकाचा तसा समज व्हायचा आणि तो दूर करायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. लहान विमानात वैमानिकासमोर घड्याळांसारखी गोल गोल यंत्रं असतात. एक तेलाचा दाब दाखवतं, एक इंजिनाची उष्णता, एक टाकीत किती इंधन उरलंय ते. त्या यंत्रांचे काटे दुरुस्त करण्यात बाईंची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून काटेबाई. काही वैमानिक म्हणायचे की नाव त्यांच्या बोलण्यावरूनही पडलं असेल. त्यातही थोडं तथ्य होतं.

मी त्याच विमानतळावर हवामानाच्या नोंदी ठेवायचो. विमानतळ म्हटलं म्हणून फार काही डोळ्यांपुढे आणू नका. एक धावपट्टी, विमानं ठेवायचं एक पत्र्याचं हँगर, कचेरीच्या चार खोल्या आणि पाच लहान विमानं. डोंगरापलीकडच्या वस्त्यांना औषधं, रक्ताच्या पिशव्या, टपाल पोचवायचं आणि येताना कधी एखादा पेशंट घेऊन यायचं, एवढंच आमचं काम. माझ्या खिडकीतून बाईंची खोली समोर दिसायची. आत जाताना धुळीमुळे चपला बाहेर काढाव्या लागत. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर चिमटे ओळीने मांडलेले, डोळ्याला लावायचं भिंग. केसासारखी बारीक स्प्रिंग उचलताना बाई श्वास रोखून धरायच्या आणि समोरचा माणूसही नकळत धरायचा. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. तीन भावांपैकी एकाचाही हात हलका नव्हता, हिचा होता. एवढ्यावर त्यांचं आयुष्य ठरलं.

रोज चार वाजता मास्तर त्यांना न्यायला यायचे. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दोघांना मूलबाळ नव्हतं. हँगरबाहेरच्या बाकावर बसून ते माझ्याकडून त्या दिवशीचं वारं कुठून आलं ते विचारून घ्यायचे, आणि मग बाईंची वाट बघता बघता घरच्या गोष्टी सांगायचे. यातलं मला जे घरातलं माहीत आहे ते त्या बाकावरचं.

हँगरची मुख्य इंजिनिअर बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होती. शिकाऊ म्हणून आली तेव्हा पहिले सहा महिने ती त्यांच्याच टेबलाशी बसली होती. तेव्हा मावशी म्हणायला लागली ती हुद्द्याने वर गेल्यावरही म्हणत राहिली. एक दिवस ती चपला काढून आत आली आणि उभीच राहिली.

"मावशी, एक सांगायचं होतं."

"चहा घेऊन सांगतेस की तसंच?"

"तसंच सांगते. चहा घेतला तर धीर होणार नाही."

तिने सांगितलं ते असं. पाचही विमानांतली जुनी यंत्रं काढून त्या जागी एकेक डिजिटल स्क्रीन बसणार होता. तळहाताएवढा, पण इंजिनाचं सगळं त्यात. मिनिटाला किती फेरे होतात ते, तेल, इंधन, शिवाय प्रत्येक सिलिंडरची उष्णता वेगवेगळी. आणि तो आपल्याला हवा तसा मांडता यायचा. कुठला आकडा कुठे ठेवायचा, केवढा, कुठल्या रंगात, कुठल्या मर्यादेला वैमानिकाला हटकायचं, हे सगळं आपण ठरवायचं.

"हटकतो म्हणजे?"

"पिवळा दिवा लागतो आणि हेडफोनमध्ये टुणटुण वाजतं."

"आणि हे टेबल?"

इंजिनिअर फडक्याची घडी सरळ करत राहिली. "ते नंतर बघू," म्हणाली.

बाईंनी घरी जाऊन दोन दिवस अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर बाहेरून आले तर भिंतीवरचं घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं आणि बाई भिंग लावून बसलेल्या.

"ते बरं चाललं होतं की," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच उघडलं. बिघडलेलं उघडायला यापुढे कुणी देणार नाही."

मग सगळं बाहेर आलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुस्तक आहे का त्याचं?"

"एकशे चौऱ्याऐंशी पानांचं. परक्या भाषेत. मला दोन पानांत डुलकी लागते."

"मला नाही लागत. आण."

मास्तरांनी त्या पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. वर बाईंचं पूर्ण नाव लिहिलं, खाली विषय लिहिला, इयत्तेची जागा मोकळी सोडली. रोज संध्याकाळी बाई भाजी चिरायला बसल्या की हे समोर खुर्चीत बसून एकेक परिच्छेद वाचायचे आणि आपल्या भाषेत सांगायचे. अडचण अशी की त्यांना भाषा कळायची पण इंजिन कळायचं नाही, आणि बाईंना इंजिन कळायचं पण भाषा नाही. दोघं मिळून पुढे सरकायची. सिलिंडर म्हणजे नक्की काय, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा बाईंनी चार पेले ओळीने मांडून दाखवले. इंधन इथून आत येतं, इथे जळतं, धूर इथून बाहेर.

"आणि जुनं यंत्र या चारांतल्या कुणाची उष्णता दाखवायचं?"

"एकाचीच. सगळ्यात जास्त तापतो त्याची."

"म्हणजे वर्गातल्या एका मुलाच्या कपाळाला हात लावून तुम्ही लोक आजवर चौघांची तब्येत लिहीत होतात."

बाईंची सुरी थांबली. "तसंच झालं की हो," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून पुस्तकात त्यांचं मन लागलं.

दर रविवारी मास्तर लेखी परीक्षा घ्यायचे. पहिल्या परीक्षेत बाईंना पन्नासपैकी एकतीस मिळाले, खाली लाल शाईत शेरा, 'उत्तरे मुद्देसूद. अक्षर सुधारावे.' तो कागद त्यांनी इंजिनिअरला आणून दाखवला. ती इतकी हसली की बाकीचे बघायला आले. पण हसून झाल्यावर तिने तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला, आणि पहिला स्क्रीन बसवायचं काम बाईंकडे दिलं.

पहिलं विमान कॅप्टनचं होतं. तशी विमानं कुणा एकाची नसतात, पण ते विमान सव्वीस वर्षं जवळजवळ त्यांनीच उडवलेलं. वय एकसष्ट, बोलणं मोजकं, आणि नवी वस्तू दिसली की आधी तिच्याकडे पाठ करून उभं राहायची सवय. जुनी यंत्रं काढायच्या दिवशी ते हँगरमध्ये आले आणि म्हणाले, "टाकून देऊ नका. मला द्या." बाईंनी एकेक यंत्र काढून पुसलं, नावाची चिठ्ठी बांधली, आणि खोक्यात कापूस घालून त्यांच्या हातात दिलं.

स्क्रीन बसला. कारखान्यातून आला होता त्याच मांडणीवर कॅप्टन एक फेरी मारून आले.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"त्यात सगळं आहे. मला काहीच दिसत नाही."

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, होईल सवय. बाईंनी वही-पेन्सिल घेतली आणि पुढच्या तीन उड्डाणांना मागच्या सीटवर जाऊन बसल्या. बाहेर बघायचं नाही, स्क्रीनकडे बघायचं नाही, फक्त कॅप्टनची मान कुठे वळते ते बघायचं. वहीत चौकटी आखून त्या रेघा मारत होत्या. तिसऱ्या उड्डाणानंतर त्यांनी रेघा मोजल्या. कॅप्टन दर थोड्या वेळाने डावीकडे खाली बघत होते. तिथे आता काहीच नव्हतं, भोक बुजवायला लावलेली पत्र्याची चकती होती फक्त. पूर्वी तिथे तेलाचा दाब दाखवणारं यंत्र होतं.

"चकतीकडे काय बघता?" उतरल्यावर त्यांनी विचारलं.

कॅप्टनना ते माहीतच नव्हतं. त्यांनी पंखाला हात टेकला. मग म्हणाले, "उडायला लागून दुसरं वर्ष होतं. डोंगरावर असताना तेल गेलं. मागे दोन माणसं आणि एक तान्हं बाळ. एका शेतात उतरवलं कसंबसं. सगळे वाचले. पण काटा खाली जाताना मला उशिरा दिसला होता."

बाईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रीनची मांडणी मोडून नव्याने केली. तेलाचा दाब डावीकडे खाली, सगळ्यात मोठा. सकाळच्या उन्हात निळा रंग पुसट दिसायचा, तो काढून पांढरा केला. ज्यांची उड्डाणात गरज नाही असे पाच आकडे मागच्या पानावर ढकलले. आणि पुस्तकाच्या एकोणऐंशीव्या पानावर मास्तरांना एक गोष्ट सापडली होती, की कुठलाही आकडा नुसता आकडा न ठेवता गोल तबकडी करून दाखवता येतो. तेलाच्या दाबाला त्यांनी तशी तबकडी दिली, वर काटा काढून. काटेबाईंनी शेवटी काचेतही काटा घुसवला, असं हँगरमध्ये आठवडाभर चाललं होतं.

मर्यादांचा प्रश्न राहिला. लाल रेषा इंजिन बनवणाऱ्यांनी ठरवलेली, तिला हात लावायचा नाही. पण लाल यायच्या आधी सावध करणारा जो पिवळा, तो कुठे लावायचा हे इंजिनिअरच्या सहीने हँगरमध्ये ठरवता येत होतं. बाईंनी घरी मास्तरांना विचारलं.

"अंगात फणफणून ताप चढल्यावर डॉक्टरला बोलवायचं," मास्तर म्हणाले, "की कपाळ कोमट लागलं तेव्हाच?"

बाईंनी पिवळा पट्टा जरा खालीच लावला.

दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात कॅप्टन दुपारचे उतरले ते तडक बाईंच्या खोलीत. चपला-बूट काही न काढता.

"बाई, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"चढताना चौथा सिलिंडर पिवळा. कानात टुणटुण. वर जाऊन सरळ उडायला लागलं की गप्प. काल दोनदा झालं, आज तिन्ही वेळा."

"इंजिन कसं वाटतं?"

"काही फरक नाही. उत्तम चाललंय. ती मर्यादा थोडी वर सरकवा आणि विषय संपवा. उद्या सकाळी मला औषधं न्यायची आहेत, कानात भुंगा घेऊन नाही जाणार मी."

इंजिनिअर आली. तिलाही सेन्सरचाच दोष वाटत होता. नवीन सेन्सर कधीकधी असे करतात, म्हणाली, दुसरा मागवते, तो येईपर्यंत मर्यादा वर ठेवू. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला उद्या सकाळपर्यंत वेळ दे. तोवर ते विमान उडवू नका."

कॅप्टन निघून गेले. दार त्यांनी हळूच लावलं, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

त्या दिवशी चार वाजता मास्तर आले तेव्हा बाई माझ्यासमोरूनच बाहेर पडल्या. एरवी जाताना दोन शब्द टोचून जायच्या, त्या दिवशी माझ्याकडे बघितलंही नाही. रस्त्यात त्या मास्तरांना म्हणाल्या, "मीच तो पिवळा खाली लावला. उगाच शहाणपणा केला. आता सगळे म्हणतील, म्हातारीला काटे येत होते, हे काही जमलं नाही."

मास्तरांनी घरी गेल्या गेल्या पुस्तक काढलं. पान एकशे एकतीस, बिघडलेला सेन्सर कसा ओळखावा. तिथे लिहिलं होतं की बिघडलेल्या सेन्सरचा आकडा सहसा उड्या मारतो, मध्येच गायब होतो, मध्येच भलताच दिसतो.

"तुझा उड्या मारतो का?"

"नाही. शांतपणे चढतो आणि शांतपणे उतरतो."

"मग तो खोटारडा वाटत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं. "माझ्या वर्गात मागच्या बाकावरून सारखी करकर ऐकू यायची. पोरं म्हणायची मी नाही, हा. मी काय करायचो, दोघांच्या जागा बदलायचो. करकर मुलाबरोबर दुसरीकडे गेली तर मुलाचं काम. तिथेच राहिली तर बाक मोडका."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तिसऱ्याचा सेन्सर चौथ्याला आणि चौथ्याचा तिसऱ्याला," त्या सावकाश म्हणाल्या.

"बघ बुवा. मला काय कळतंय त्यातलं."

पुढे कितीतरी दिवसांनी बाई मला म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी हेच करत आले. काटा चुकतोय की इंजिन, हे बघायला यंत्रांची अदलाबदल करायची. तेच मी करणार होते. पण त्यांना सांगितलं नाही. इतके खूश झाले होते."

सकाळी इंजिनिअरच्या देखत सेन्सरांची अदलाबदल झाली. औषधं दुसऱ्या विमानाने रवाना झाली होती, त्यामुळे कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा होता. जमिनीवर इंजिन चालवून हा दोष दिसणारा नव्हता, चढायलाच हवं होतं. धावपट्टीपासून लांब जायचं नाही, एक चढ घ्यायचा आणि उतरायचं, असं ठरलं. बाई मागे बसल्या. विमान उठलं, नाक वर झालं. तिसरा हिरवाच राहिला. चौथ्याची पट्टी हळूहळू वर गेली आणि पिवळी झाली.

"बाक मोडका आहे," बाई हेडफोनमध्ये म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. उतरा. इंजिन उघडायचंय."

इंजिन उघडलं. प्रत्येक सिलिंडरला इंधन पोचवणारी एक बारीक तोटी असते, तिचं भोक सुईच्या टोकाएवढं. इंजिनिअरने चौथ्याची तोटी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती खोलीत नेली, भिंग लावलं, उजेडाकडे धरली. पलीकडचा उजेड गोल दिसायला हवा होता, तो अर्ध्या चंद्रासारखा दिसत होता. चिमट्याने त्यांनी एक काळा कण बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. खसखशीच्या दाण्याहूनही लहान.

"इंधन कमी पोचत होतं, म्हणून तापत होता," इंजिनिअर म्हणाली. "कचरा आला कुठून पण?"

"कचरा नाही तो. रबर आहे."

टाकीकडून इंजिनापर्यंत येणारी रबरी नळी त्यांनी काढली. बाहेरून नवीकोरी दिसत होती. कागदोपत्री तिला अजून दोन वर्षं बदलायची गरज नव्हती. इंजिनिअरने ती लांबीला उभी चिरली. आतला थर जुन्या भिंतीच्या रंगासारखा सुटला होता. नख लावलं की पापुद्रे निघत होते.

असा एक कण चौथ्यात अडकला म्हणून कळलं. मोठा पापुद्रा निघाला असता तर चारही सिलिंडर एकदम गप्प झाले असते, आणि खाली डोंगर. इंजिनिअर उठली आणि तिने रेडिओवरून सगळ्या विमानांना परतायला सांगितलं. औषधं घेऊन गेलेलं विमान तोवर पलीकडे सुखरूप उतरलेलं होतं. त्याला तिथेच थांबवलं आणि दुसरी नळी गाडीने पाठवली. संध्याकाळपर्यंत पाचही विमानांच्या नळ्या चिरून झाल्या. आणखी दोन नळ्यांची तीच गत होती. त्यातली एक औषधांच्या विमानाची.

कॅप्टन तो सगळा वेळ तिथेच होते. सगळे पांगल्यावर ते बाईंच्या दाराशी आले. या वेळी बूट काढले.

"मी तुम्हाला मर्यादा वर करायला सांगितली होती."

"हो."

"तुम्ही केली नाहीत."

"कशी करणार. रविवारी मास्तरांची परीक्षा होती, नापास केलं असतं त्यांनी."

कॅप्टन हसले नाहीत. ते त्या फडक्यावरच्या कणाकडे बघत होते. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि चहा ठेवला. दोघं चहा घेत बसले होते, एवढं मला माझ्या खिडकीतून दिसलं.

त्या रविवारी कॅप्टन त्यांच्या घरी गेले. आल्यावर काय बोलायचं ते त्यांना सुचेना. मास्तरांनी अशा वेळी शिक्षक जे करतो तेच केलं, पुस्तक काढून दिलं. कॅप्टन पानं उलटत बसले. समासात सगळीकडे मास्तरांचं बारीक, सुबक अक्षर. कठीण शब्दांचे अर्थ, चार पेल्यांचं चित्र, लाल खुणा. एका पानावर ते थांबले. मांडणी कशी बदलावी ते पान होतं, आणि समासात लिहिलं होतं, 'कॅप्टन डावीकडे खाली बघतात. कारण आहे. सवय मोडू नये.'

त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसत राहिले. मग एकदम विचारलं, "मास्तर, तुम्ही विमानात कधी बसलात?"

"नाही बसलो."

"एकतीस वर्षं बाई तिथे आहेत."

"हो ना. पण मला कुणी बोलावलं नाही."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तुम्ही कधी म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या.

"तू कधी विचारलं नाहीस."

यात तक्रार नव्हती. तरी बाई आत गेल्या आणि पाण्याचा नळ उगाच सोडून उभ्या राहिल्या. एवढी वर्षं रोज चार वाजता हा माणूस हँगरच्या दारापर्यंत येत होता, आणि आत या, असं म्हणायचं राहूनच गेलं होतं. त्यांना वाटायचं, ह्यांना भीती वाटत असेल. मास्तरांना वाटायचं, कामाच्या ठिकाणी आपण कशाला लुडबुडायचं.

मास्तरांना विमानातून न्यायची परवानगी इंजिनिअरने काढली. नवीन नळी टाकल्यानंतर विमानाची एक चाचणी झाली होती, दुसरी साधी फेरी घ्यायची होती. आदल्या दिवशी मास्तर माझ्याकडे तीनदा वारं विचारून गेले. उड्डाणाच्या सकाळी ते शाळेच्या स्नेहसंमेलनाला घालायचे तो कोट घालून आले. कॅप्टननी त्यांना पुढे, आपल्या शेजारी बसवलं. बाई मागे.

पुढचं मला तिघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे. पहिली दहा मिनिटं मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलंच नाही. ते स्क्रीन वाचत होते. महिनोन्महिने ज्याच्याबद्दल नुसतं वाचलं ते समोर हलताना दिसत होतं. "तेलाचा दाब हिरव्यात. फेरे स्थिर. पहिला हजर, दुसरा हजर, तिसरा हजर, चौथा हजर," असं त्यांचं चाललं होतं.

मागून बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, ते मी बघते. तुम्ही खाली बघा."

मास्तरांनी खाली बघितलं. गाव, शाळेचं छप्पर, आणि त्यापलीकडे नदी. छत्तीस वर्षं ही नदी त्यांनी दर वर्षी फळ्यावर काढली होती, खडूच्या एका फटक्यात, हात न उचलता. ते काचेला कपाळ टेकवून बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कॅप्टन, तो ओढा नदीला कुठे मिळतोय?"

"वळणाच्या खाली."

"मी वळणाच्या वर काढत होतो."

"नकाशात कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"नकाशात बरोबरच असणार. मी नकाशाकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं. पाठ आहे म्हणून."

कॅप्टननी न विचारताच विमान हळूच कलतं केलं आणि त्या वळणावरून आणखी एक फेरी मारली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी कागद घेऊन नदी पुन्हा काढली. चार कागद फुकट गेले, कारण हात जुन्याच वळणाने जायचा. पाचव्याला बाईंनी त्यांच्या मनगटाला धरलं आणि दोघांनी मिळून ओढा योग्य जागी आणला. तो कागद मी पाहिला आहे. ओढ्याची रेघ जरा थरथरली आहे, पण जागा बरोबर आहे.

पुढे बाकीच्या चार विमानांतही स्क्रीन बसले आणि सगळ्यांच्या मांडण्या बाईंनीच केल्या, प्रत्येक वैमानिकाच्या मागे तीन तीन उड्डाणं बसून. एक डावखुरा होता, एकाला हिरवा आणि पिवळा जवळजवळ सारखेच दिसायचे, एकीला टुणटुण नको होती तर बोलता आवाज हवा होता. टेबल हललं नाही. मास्तरांच्या समासातल्या टिपा इंजिनिअरने नीट उतरवून घेतल्या, त्यांची चाळीस पानांची वही झाली, आणि आता प्रत्येक विमानात सीटमागच्या खिशात तिची एक प्रत असते. वहीवर मास्तरांचं नाव आहे. हुद्द्याच्या जागी त्यांनी 'पालक' असं लिहिलंय.

कॅप्टन आणखी दीड वर्ष उडले. मग डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीचा कागद पुढे केला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला. शेवटच्या दिवशी उतरल्यावर ते बाईंना म्हणाले, "आता तिथली माझी मांडणी पुसून टाका. पुढच्याला अडचण नको."

बाई विमानात चढल्या, स्क्रीन चालू केला, त्यात साठवलेल्या मांडण्यांची यादी काढली आणि पुन्हा बंद केला.

"त्यात पाच जणांच्या मांडण्या राहतात," त्या खाली उतरून म्हणाल्या. "सध्या चारच आहेत, तुमची धरून. पाचवा येऊन जागा भरली आणि त्यानंतर सहावा आला, की मग बघू."

त्याला आता तीन वर्षं झाली. पाचवा वैमानिक मागच्या महिन्यात आला. सहाव्याची जाहिरात अजून निघालेली नाही.